नुसते गणित घेऊन पुढे काय?

ह्या जूनपासून आमच्या डोंबिवलीच्या घरी जो जो पाहुणा आला, त्याने चहाचा कप खाली ठेवताना एकच प्रश्न विचारला. “धाकटीने इंजिनिअरिंगची जागा सोडली म्हणे? आणि नुसते गणित घेतले? मग पुढे काय?” त्यातल्या ‘नुसते’ ह्या शब्दावर असा काही जोर असतो, की मुलीने जणू नुसत्या पाण्यावर उपास धरला आहे!

ह्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आधी माझी स्वतःची एक लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागेल. ती छापायला सौ.ची परवानगी आहे. परवानगी कसली, आग्रहच आहे.

मी एका खाजगी कारखान्यात हिशेबनीस. पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशांचा पै-पैचा हिशेब ठेवला. तीन वर्षांपूर्वी कचेरीतल्या एका मित्राने मला मोबाईलवर शेअरबाजाराचे एक ॲप दाखवले आणि ‘ऑप्शन’ नावाच्या प्रकाराची दीक्षा दिली. वाचकांपैकी ज्यांना हे प्रकरण ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपण एखादा प्लॉट घेताना इसार देतो ना, तसाच हा प्रकार. अमुक दिवसापर्यंत अमुक भावाने घेण्याचा हक्क आपल्याकडे. भाव वर गेला तर आपला फायदा, नाही गेला तर इसार बुडाला. पुढे तोच इसार दुसऱ्याला विकताही येतो. निर्देशांकावरचे असे ऑप्शन आपल्याकडे २००१ सालापासून सुरू झाले. आता तर ते लोकलच्या डब्यात उभ्या उभ्या घेता येतात, आणि मी ते तसेच घेत असे.

झेंडूचा भाव

सुरुवातीला थोडे पैसे सुटले. त्या पैशांनी मी घरी आंब्याची पेटीही आणली. मग एका अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी मला खात्री वाटली, की उद्या बाजार चढणार. मी ‘कॉल’ घेतला, म्हणजे चढण्यावर इसार दिला. दुसऱ्या दिवशी बाजार खरोखरच चढला. थोडाच, पण चढला. आणि माझ्या कॉलची किंमत मात्र उतरली!

मला वाटले, ॲप बिघडले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. माझा अंदाज बरोबर आणि पैसे गेलेले, असा हिशेब मी पंचवीस वर्षांत पाहिला नव्हता.

धाकटी तेव्हा अकरावीत होती. तिने माझे तोंड पाहिले आणि काय झाले ते विचारले. दोन दिवस ती काहीबाही वाचत बसली. मग रात्री जेवणानंतर एक कागद घेऊन आली आणि म्हणाली, “बाबा, तुम्हाला वाटले तुम्ही बाजाराची दिशा विकत घेतलीत. पण तुम्ही विकत घेतलीत ती लोकांची धास्ती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा जो भाव असतो, तो दसऱ्याच्या संध्याकाळी असतो का? अर्थसंकल्पाआधी कोणालाच काही ठाऊक नव्हते, म्हणून इसार महाग होता. भाषण संपले, धास्ती गेली, इसार स्वस्त झाला. शिवाय मुदतीचा एक दिवसही कमी झाला.”

कागदावर तिने एक आलेख काढला होता. तो मला पुरता समजला नाही, पण झेंडू समजला.

एवढे समजूनही मी थांबलो नाही, हे कबूल केले पाहिजे. अकरा महिन्यांत मिळून तीन लाख चाळीस हजार रुपये गेले. धाकटीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली ती रक्कम होती. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने आपली पाहणी प्रसिद्ध केली. तीन वर्षांत ह्या व्यवहारांत उतरलेल्या सामान्य माणसांपैकी शंभरात त्र्याण्णव जण तोट्यात गेले होते, आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. मी एकटाच मूर्ख नव्हतो, हे वाचून क्षणभर बरे वाटले. सौ.ला मात्र तेवढेही वाटले नाही.

त्याच पाहणीत आणखी एक आकडा होता, आणि धाकटीचे बोट त्यावर थांबले. २०२३-२४ ह्या एका वर्षात खर्च वजा करण्यापूर्वी स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपये मिळवले होते. त्यातला जवळजवळ सगळा नफा संगणकाने, ठरवून दिलेल्या सूत्रांनी केलेल्या व्यवहारांतला होता.

“म्हणजे तुम्ही इसार देत होता तेव्हा समोर कोणी तरी गणित करून बसले होते,” ती म्हणाली. “ते गणित कुठे शिकवतात?”

पॅरिसचा उपेक्षित मास्तर

ह्या प्रश्नाने आमच्या घरात जी शोधाशोध सुरू झाली, तीत मला काही माणसे भेटली. पुस्तकातच, पण ओळख घट्ट झाली. त्यातला पहिला लुई बाशेलिए. ह्याचे वडील फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात दारूचे व्यापारी होते. १८८९ साली आईवडील गेले आणि कॉलेजला जाण्याच्या वयात पोरावर दुकान सांभाळण्याची पाळी आली. पुढे तो पॅरिसला आला आणि १९०० साली त्याने डॉक्टरेटसाठी प्रबंध दिला, त्याचे नाव ‘सट्ट्याचा सिद्धान्त’. परीक्षकांत साक्षात आंरी प्वँकारे! भावांची वेडीवाकडी चाल संभाव्यतेच्या गणिताने मांडता येते, हे त्याने दाखवले. पाण्यात तरंगणाऱ्या कणांच्या थरथरीवर आइन्स्टाइनने १९०५ साली जे गणित केले, तेच ह्याने पाच वर्षे आधी रोख्यांच्या भावांवर केले होते. पण विषयच असा बाजारी, की विद्वानांना तो रुचेना. प्रबंधाला सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही. कायमची प्राध्यापकी मिळाली ती १९२७ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. त्याच्यावरूनच मला वाटते, की ‘गणित घेऊन पुढे काय’ हे त्यालाही पाहुण्यांनी पुष्कळदा विचारले असेल.

दुसरा जपानचा कियोशी इतो. त्याने सरकारी सांख्यिकी कार्यालयात नोकरी केली आणि त्याच काळात अशा थरथरणाऱ्या वाटांसाठी एक नवे कलनशास्त्र उभे केले. त्यावरचा त्याचा लेख १९४२ सालचा. त्यावेळी त्याच्या मनात शेअरबाजार नव्हताच. तीस वर्षांनी, १९७३ मध्ये, फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स ह्यांनी ऑप्शनच्या किमतीचे सूत्र प्रसिद्ध केले आणि रॉबर्ट मर्टनने इतोचे गणित वापरून ते पक्क्या पायावर बसवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकागोला ऑप्शनचा बाजार उघडला. ह्या सूत्राची गंमत अशी, की बाजार वर जाईल की खाली, हे त्यात कुठेच विचारलेले नाही. विचारलेले आहे ते किती हलेल, एवढेच. माझ्या कॉलचे रहस्य तिथे होते.

शोल्स आणि मर्टन ह्यांना १९९७ साली नोबेल मिळाले. ब्लॅक त्याआधी दोन वर्षे वारला होता. आणि १९९८ साली, म्हणजे नोबेलनंतर वर्षभरातच, हे दोघे ज्या फंडात भागीदार होते तो बुडू लागला. मोठमोठ्या बँकांना एकत्र येऊन सुमारे ३६० कोटी डॉलर घालून तो सावरावा लागला. ही गोष्ट मी सौ.ला मोठ्या उत्साहाने सांगितली. तिने शांतपणे विचारले, “नोबेलवाल्यांचे असे, मग आपल्या पोरीला कशाला त्यात घालायचे?”

तिला मी जेम्स सायमन्सची गोष्ट सांगून पाहिली. भूमितीतला मोठा संशोधक, स्टोनी ब्रुक विद्यापीठात गणित विभागाचा प्रमुख. १९७८ साली प्राध्यापकी सोडून बाजारात उतरला आणि २०२४ साली वारला तेव्हा जगातल्या श्रीमंतांपैकी एक होता. त्याने आपल्या पेढीत घेतले ते गणिती, भौतिकशास्त्रज्ञ, बोलणे ओळखणाऱ्या यंत्रांवर काम केलेले लोक. बाजारात मुरलेले जवळजवळ कोणी नाहीत. सौ.वर ह्या श्रीमंतीचा परिणाम झाला नाही. तिला पटली ती पॅरिसची निकोल एल करुई. पाच मुलांची आई, संभाव्यतेची प्राध्यापिका. १९९० साली तिने आपल्या विद्यापीठात संभाव्यता आणि वित्त ह्यांचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यातून निघालेले विद्यार्थी पुढे जगभरच्या बँकांत गेले. “पाच मुले?” सौ. म्हणाली, आणि त्यानंतर ती ह्या विषयात लक्ष घालू लागली.

पवईचा तरुण

पण पुस्तकातली माणसे प्रवेशाचा फॉर्म भरायला येत नाहीत. आमच्या सोसायटीतल्या एका बाईंचा भाचा पवईला एका परदेशी बँकेच्या कचेरीत ‘क्वांट’ आहे असे कळले. एका रविवारी आम्ही बापलेक त्याच्याकडे गेलो. वय तिशीच्या आत, दाढी वाढलेली, घरात फर्निचर म्हणून एक फळा.

मी पहिला प्रश्न विचारला तो हिशेबनिसाला शोभेसा. मेहुण्यांनी एका नव्या खाजगी विद्यापीठाचे माहितीपत्रक पाठवले होते. त्यात पदवीचे नावच ‘फायनान्स आणि फिनटेक’ असे होते. सरळ तीच का घेऊ नये?

“काका,” तो म्हणाला, “बॉण्ड म्हणजे काय, ऑप्शन म्हणजे काय, हे आम्ही नव्या मुलाला सहा महिन्यांत शिकवतो. ॲनालिसिस सहा महिन्यांत शिकवता येत नाही. अठराव्या वर्षी पदवीच्या नावावर जाऊ नका. अभ्यासपत्रिका उघडा आणि आत काय आहे ते पाहा.”

मग तो फळ्याशी उभा राहिला. रियल ॲनालिसिस दोन सत्रे तरी हवे, सिद्धतांसकट. रेषीय बीजगणित, तेही नुसत्या आकडेमोडीचे नव्हे. संभाव्यता जितकी मिळेल तितकी. संख्याशास्त्रात रिग्रेशन आणि काळानुसार बदलणाऱ्या मालिका. विकलक समीकरणे. आणि संगणकाला स्वतः प्रोग्रॅम लिहून देता आला पाहिजे. मापन सिद्धान्त आणि इतोचे कलन पुढे एम.एस्सी.ला येईल. पण खालचे नसेल तर वरचे नुसते पाठ होते.

“आणि निव्वळ शुद्ध गणित घेतले तर?” धाकटीने विचारले.

“चालेल. पण तीन वर्षे नुसते ग्रुप आणि रिंग केलेस आणि संभाव्यतेला हातच लावला नाहीस, तर मुलाखतीत रडशील.”

मग त्याने तिला त्याच्या मुलाखतीतला एक प्रश्न घातला. नाणे उडवीत राहायचे. लागोपाठ दोन छापे येईपर्यंत सरासरी किती वेळा उडवावे लागेल? आणि छाप्यामागून लगेच काटा येईपर्यंत किती वेळा? मी तत्काळ म्हणालो, दोन्हींना सारखेच. छापा काय, काटा काय, संधी निम्मी-निम्मी. तो हसला. धाकटी हसली नाही, खिडकीबाहेर पाहत राहिली. चहा आला, निवला. मग ती म्हणाली, “सारखे नाही. छापा-काट्याची वाट पाहत असताना छाप्यावर पुन्हा छापा पडला तरी बिघडत नाही, हातात छापा आहेच. पण छापा-छाप्याची वाट पाहताना मध्येच काटा पडला, की सगळे पहिल्यापासून. म्हणजे दोन छाप्यांना जास्त वेळ लागणार.” फळ्यावर दोन ओळींची समीकरणे मांडून तिने आकडे काढले, सहा आणि चार.

माझा विश्वास बसेना. त्या रात्री आम्ही जेवणाच्या टेबलावर एक रुपयाचे नाणे घेऊन बसलो. मी उडवायचे, धाकटीने बोलायचे, सौ.ने वहीत रेघा मारायच्या. साडेअकरापर्यंत सरासरी सहाच्या आणि चारच्या आसपास येऊन बसली. बाजारात घालवलेल्या तीन लाख चाळीस हजारांत मला हे कोणी शिकवले नव्हते.

पण त्या रविवारी आणखी एक गोष्ट झाली, ती सांगायलाच हवी. निघताना धाकटीने त्याला विचारले, “तुम्ही ज्यांचे पैसे घेता ते माझ्या बाबांसारखेच लोक असतात का?” मी चपापलो. तो रागावला नाही. म्हणाला, ह्या धंद्यात तसेही काम आहे आणि पगार त्यातच सर्वांत मोठा आहे. तो स्वतः मात्र बँकेतली सूत्रे तपासण्याच्या कामावर होता. २००८ साली अमेरिकेत घरकर्जांची जी पडझड झाली, तीत कर्जबुडव्यांच्या संभाव्यता जोडणारे एक सोयीचे सूत्र पुष्कळांनी डोळे मिटून वापरले होते. ‘हे सूत्र कुठे मोडते’ हे शोधण्याचा त्याला पगार मिळतो. विम्यातही असेच काम असते, तिथे त्याला ॲक्च्युअरी म्हणतात. “कोणत्या बाजूला बसायचे ते पदवी ठरवीत नाही,” एवढेच तो म्हणाला. परतीच्या गाडीत धाकटी गप्प होती. तिचे समाधान झाले असे मला वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

लाल पेन्सिल

त्यानंतर आम्ही सात-आठ ठिकाणच्या अभ्यासपत्रिका छापून आणल्या आणि लाल पेन्सिल घेऊन बसलो. पहिल्या नंबरावर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचा बी.स्टॅट. १९३१ साली महालनोबिसांनी स्थापन केलेली ही संस्था. अत्यंत विरळ घटनांच्या संभाव्यतेवर काम करून २००७ साली आबेल पुरस्कार मिळवणारे वरधन ह्यांची डॉक्टरेट इथलीच. ह्याच संस्थेचा बी.मॅथ. बंगळूरला. चेन्नईजवळ सिरुसेरीला चेन्नई गणित संस्था, तिथे गणित आणि संगणकशास्त्र एकत्र. काही आय.आय.टी.ंत ‘गणित आणि संगणन’, त्याला जे.ई.ई.चा दरवाजा. मेहुण्यांच्या माहितीपत्रकावर लाल खूण एकच आली. त्यात ‘व्यावसायिक गणित’ एक सत्र होते आणि ‘नेतृत्वगुण विकास’ तीन सत्रे!

धाकटीने कोलकात्याची आणि चेन्नईची अशा दोन्ही प्रवेशपरीक्षा दिल्या. कोलकात्याच्या परीक्षेत दुपारच्या भागात आठ प्रश्न असतात आणि उत्तर नुसते चालत नाही, कारण लिहावे लागते. तिला तीन सुटले. दोन्ही याद्यांत तिचे नाव आले नाही. हे लिहायला सोपे आहे. त्या आठवड्यात घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते.

आणि नेमकी तेव्हाच सी.ई.टी.च्या गुणांवर नवी मुंबईच्या एका कॉलेजात संगणक अभियांत्रिकीची जागा मिळाली. चार वर्षांचा खर्च दहा लाखांच्या घरात. मेहुणे पुण्याहून खास आले. त्यांची तळमळ खोटी नव्हती. “भावोजी, कोलकाता मिळाले असते तर मी शब्द बोललो नसतो. पण साध्या कॉलेजातले बी.एस्सी.? त्या बड्या पेढ्या अशा कॉलेजांत पाऊलही टाकत नाहीत. शेवटी गणिताची मास्तरीण होईल.”

मास्तरीण झाली तर बिघडले काय, असे मला म्हणावेसे वाटले. केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले परांजपे फर्गसनमध्ये येऊन मास्तरच झाले होते. पण तो वाद घालण्याची ती वेळ नव्हती. मेहुण्यांचे म्हणणे निम्मे खरे होते. मी पवईच्या तरुणाला फोन केला. त्याने ते निम्मे कबूल केले. त्या पेढ्या मोजक्या संस्थांतूनच मुले उचलतात आणि जागाही मोजक्याच. पण दार एकदाच उघडत नाही. बी.एस्सी.नंतर आय.आय.टी.च्या एम.एस्सी.ला ‘जॅम’ ही सामायिक परीक्षा आहे. कोलकात्याच्याच एम.स्टॅट.ला स्वतंत्र परीक्षा आहे. मधल्या काळात ॲक्च्युअरीचे एक-दोन पेपर देता येतात. तो स्वतः नागपूरच्या साध्या कॉलेजातून असाच वर आला होता, हे त्याने त्या दिवशी प्रथम सांगितले. “आणि काका, क्वांट नाही झाली तरी ह्या शिक्षणाला दुसरी दारे आहेत. तिला विचारा, पैसा नसता तरी तिने हे केले असते का? नसते, तर संगणक घ्या. तेही वाईट नाही.”

मी विचारले नाही. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता. कोलकात्याच्या परीक्षेतल्या न सुटलेल्या पाचांपैकी एका प्रश्नावर ती बसली होती. यादी लागून नऊ दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरिंगची जागा सोडली. पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजात गणित मुख्य विषय आणि संख्याशास्त्र जोडविषय असा प्रवेश घेतला. फी भरताना माझ्या मनात एक विचार येऊन गेला. घालवलेले ते पैसे शिल्लक असते तर मी कदाचित मेहुण्यांचेच ऐकले असते. हे मी अजून कोणाजवळ बोललो नव्हतो.

आता दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली आहे. पहिल्या चाचणीत ॲनालिसिसला वीसात अकरा गुण. जन्मात तिला एवढे कमी पडले नव्हते. मी धसकलो. ती म्हणाली, वर्गात सर्वांत जास्त चौदा आहेत, आणि आपले नऊ गुण कुठे गेले ते तिला नीट समजले आहे. सौ. चकल्या पाडत होती. धाकटीने पहिली चकली उचलली आणि फुंकर घालता घालता विचारले, “बाबा, ते ॲप अजून आहे फोनमध्ये?”

मी फोन तिच्या हातात दिला. तिने शोधले. सौ.नेही सोऱ्या बाजूला ठेवून डोकावून पाहिले.